चाळीस हजार वर्षांची मिशी

मी आता जे सांगणार आहे त्यावर अख्ख्या औराद तालुक्यात एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. ठेवू नये. मी तुमच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता, उठून चहा प्यायला गेलो असतो. पण ठाणाकुशनूरच्या या मडिवाळप्पाच्या ओठावर जी मिशी होती, जिला बघून बसचा ड्रायव्हर मी हात न दाखवताही ब्रेक मारायचा, ती आज जागेवर नाही, हे तर तुम्हाला दिसतंयच. ती कुठे गेली यावर गावात काय काय बोलणं चाललंय ते माझ्या कानावर आहे. चुलीत वाकलो आणि जळाली म्हणतात. बायकोनं, लक्ष्मम्मानं, झोपेत कापली म्हणतात. तोंडावर मात्र कुणी विचारत नव्हतं. परवा गिरणीवाला व्यंकट आमच्या दारातल्या कट्ट्यावर येऊन टेकला आणि त्यानं सरळ विषयाला हात घातला.

"अप्पा, मिशी कामून काढलाव?"

"काढली न्हाई," मी म्हणालो. "विज्ञानाला दिली."

सून दानेश्वरी पलीकडे अंबाडीची भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. व्यंकटनं मात्र चपला काढल्या आणि कट्ट्यावर नीट मांडी घालून बसला. असा ऐकणारा भेटला की माझ्यासारख्याला बोलणं भाग पडतं.

सुरुवात झाली करजगीला. करजगी म्हणजे दानेश्वरीचं माहेर, तिकडे अफझलपूरच्या बाजूला. दिवाळीला मी इवायाकडे गेलो होतो. इवाई म्हणजे व्याही, तिचा बाप बसवंतप्पा. त्यालाही मिशी आहे. वाईट नाही, केरसुणीसारखी आहे, पण भरीव आहे. जेवण झालं, पान झालं, आणि बसवंतप्पाला गावाचा अभिमान चढला.

"मडिवाळप्पा, तुमचं गाव म्हंजी काल-परवाचं," तो म्हणाला. "नावातच ठाणा हाय. आधी पोलीस आले, मग गाव आलं."

"आणि तुमचं?"

तो आत गेला आणि फडक्यात बांधलेली मूठभर काळी ज्वारी घेऊन आला. नवं घर बांधायला पाया खणताना त्याला जुनं पेव लागलं होतं, धान्य साठवायचा तो जमिनीतला खड्डा. त्याच्या तळाला ही जळकी ज्वारी.

"माझ्या खापरपणजाच्या खापरपणजानं भरलेली," तो म्हणाला आणि मिशीला पीळ दिला. माझ्यासमोर. माझ्या मिशीसमोर!

मग बोलाबोली वाढली. शेवटी ठरलं असं, की दोघांनी आपापल्या गावातली जुन्यातली जुनी वस्तू काढायची, ती प्रयोगशाळेत जाईल, आणि ज्याचं गाव नवं निघेल त्यानं दुसऱ्याच्या दारात बसून मिशी काढायची. घरातल्या बायका आतून हसत होत्या. मी हसलो नाही. कारण माझ्या मनात एक गोष्ट होती जी बसवंतप्पाला ठाऊक नव्हती. आमच्या शेतात पांढरीचं टेकाड आहे. म्हणजे फार जुनी वस्ती मोडून तिच्या भिंती, राख, खापरं यांचा झालेला उंचवटा. आणि ते टेकाड खणायला मैत्रेयी येणार होती.

मैत्रेयी औरादच्या बुद्धरत्नाची लेक. बुद्धरत्न शेती करतो, आणि लेक लांबच्या शहरात प्रयोगशाळेत जुन्या वस्तूंची वयं काढते. माणसाला स्वतःचं वय सांगायला लाज वाटते, ही पोरगी मडक्याचं सांगते. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी टेकाडात खड्डा घेतला, ब्रशनं माती झाडत बसले, आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, तोंडावर आली असताना एक अख्खी बिंदगी, म्हणजे मातीची लहान घागर, निघाली. काळी-तांबडी, गोल, काठाला चीरसुद्धा नाही. मी तिथेच मिशीला पीळ दिला. करजगीच्या दिशेनं.

"अप्पा, हे लई जुनं वाटायलंय," मैत्रेयी म्हणाली. "पण वाटण्यावर चालत न्हाई. मोजावं लागतंय."

"कसं मोजतीस?"

"मडक्याच्या मातीत वाळूचे बारीक कण असतात. भोवतालच्या जमिनीतनं किरण येतात, ते त्या कणांत थोडं थोडं साठत जातात. मडकं भट्टीत भाजलं की साठलेलं सगळं सांडून जातंय. मग पुन्हा पहिल्यापासून साठायला लागतंय. आम्ही खापराचा चुरा अंधाऱ्या खोलीत तापवतो. तापला की साठलेलं उजेड होऊन बाहेर पडतंय. जितका उजेड जास्त, तितकं मडकं जुनं."

"म्हंजी तापवलं की मडकं आपलं वय विसरतंय?"

"अगदी तेच. म्हणून ह्याला जाळाजवळ न्यायचं न्हाई. धुवायचं न्हाई. मी औरादहून पेटी घेऊन येते, तवर सांभाळा."

मी ती बिंदगी घरी आणली आणि मागच्या खोलीत डालग्याखाली झाकून ठेवली. घरात सगळ्यांना बजावलं. दानेश्वरीला बजावलं, पोराला बजावलं, मांजराकडेसुद्धा डोळे वटारून बघितलं. लक्ष्मम्मा तेवढी घरात नव्हती. ती बहिणीकडे गेली होती.

ती परतली तेव्हा मी शेतात कोप घालत होतो. येळवसेला आपल्याकडे शेतात कडब्याची खोप घालतात, त्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात, आणि गावातलं झाडून सगळं माणूस रानात जेवायला जातं, हे व्यंकटला मी सांगायची गरज नव्हती. पण सांगितलं, कारण मला सांगायला आवडतं. तर मी कोप घालतोय, आणि इकडे घरी आमच्या मांजरानं, ज्याच्याकडे मी डोळे वटारले होते, त्यानंच रागानं आमची आंबिलीची बिंदगी फळीवरून खाली ढकलली. तुकडे. येळवस उद्यावर आणि घरात बिंदगी नाही. लक्ष्मम्मानं घर धुंडाळलं. डालगं उचललं.

त्यानंतर तिनं जे केलं ते आपल्या भागातली कुठलीही शहाणी बाई करेल. येळवसेच्या तोंडावर शेतातून भांडं आलं तर ती लक्ष्मी, तिला रिकामं ठेवायचं नाही. तिनं ती बिंदगी राखेनं घासली. आतून-बाहेरून गोडंतेल चोळलं. गळू नये म्हणून चुलीवर ठेवून भाताची पेज आटवली, दणदणीत जाळ लावून. मग त्यातच ताक, ज्वारीचं पीठ, लसूण आणि वाटलेली मिरची घालून आंबील शिजवली, थोडी तळाला लागू दिली, कारण लागलेली आंबील मला आवडते.

दुसऱ्या दिवशी रानात पंगत बसली. येळवसेला बांधावरून जाणारा माणूस ओढून आणून जेवायला बसवायचा, हा आपला रिवाज. मैत्रेयी पेटी घेऊन बांधावरूनच येत होती. तिला ओढली. भज्जीची घोटलेली मिसळभाजी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, आंबील दिली. पोरगी गिलासावर गिलास प्यायली.

"अव्वा," ती लक्ष्मम्माला म्हणाली, "आसली आंबील मी जल्मात पिले न्हाई. कशात केलाव?"

"तुझ्याच बिंदगीत, माय."

मी त्या वेळी बिंदगीलाच तोंड लावून तळाची खरड पीत होतो. मिशी आत बुडालेली. तसाच थांबलो. मैत्रेयीनं गिलास खाली ठेवला. बिंदगीकडे बघितलं, तिच्या बुडाच्या काजळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग गिलास परत उचलला आणि उरलेली आंबील पिऊन टाकली.

"आता सांडून तरी काय उपयोग," ती म्हणाली.

"ह्यात काय वाईट झालं?" लक्ष्मम्मा मला विचारायला लागली. "धुऊन ठिवलीय की चकचकीत!"

व्यंकट इथे हसता हसता कट्ट्यावरून पडायला आला. मी त्याला हसू दिलं. त्याला काय, त्याची मिशी कुणी मागत नव्हतं.

मैत्रेयीनं तरी बिंदगी नेली. म्हणाली, बघते, काही शिल्लक असेल तर. करजगीची ज्वारीही नेली. महिना-दोन महिने गेले. मी रोज सकाळी आरशासमोर उभा राहायचो आणि मिशीला म्हणायचो, बाई, घाबरू नकोस. आणि एके दिवशी फोन आला.

"अप्पा, बसा आधी," मैत्रेयी म्हणाली.

"बसलोय."

"करजगीची ज्वारी अठराशे वर्सांची निघाली."

"आन आपली बिंदगी?"

"चुरा तापवला. काजव्याच्या शेपटीयेवढाबी उजेड पडला न्हाई. यंत्र म्हणायलंय, मडकं येळवसेच्या आदल्या दिवशी भाजलंय."

मी उठलो. परत बसलो.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "मडक्याच्या अंगात पूर्वीच्या अन्नाचं तेल-तूप मुरलेलं असतंय, ते बी आम्ही तपासतो. त्यात सापडलं गोडंतेल, ताक, लसूण आणि मिरची. आमचे सर मिरचीवर अडलेत. म्हणतात, मिरची ह्या देशात पोर्तुगीजांनी आणली, चार-पाचशे वर्सांपूर्वी."

"त्यांनी आणली खरी, पण नेली कुठून होती ते इचार की तुझ्या सरांना!" मी म्हणालो. पण त्यात काही जोर नव्हता. मलाच कळत होतं.

त्याच संध्याकाळी बसवंतप्पाचा फोन. त्याला कुणी कळवलं मला माहीत नाही, या घरातून करजगीला बातमी वाऱ्याच्या आधी जाते.

"इवाई, वस्तऱ्याला धार लावून ठिवलोय," तो म्हणाला. "पाणी गरम करायलोय. कवा यायलाव?"

मी म्हणालो, तुरीची रास आहे. पुढच्या फोनला म्हणालो, बैल आजारी आहे. बैल मी केव्हाच विकलाय हे बसवंतप्पाला माहीत होतं. गावात तोंड बांधून फिरायला लागलो. जी मिशी मी लग्नाआधीपासून वाढवली, जिच्या एका टोकावर लिंबू ठेवून मी औरादचा बाजार फिरलोय, ती आता करजगीच्या दारात, त्या केरसुणीवाल्यासमोर जाणार. जेवण गोड लागेना.

आणि आता ऐका. इथून पुढचंच कुणाला खरं वाटत नाही.

मैत्रेयीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिच्या मागे दहा माणसं एकदम ओरडत होती.

"अप्पा, बिंदगीच्या तळाच्या करपटीत एक केस सापडला. सरांनी मला न सांगता तो कार्बनच्या यंत्रात घातला. वय आलंय चाळीस हजार वर्सं."

"कुणाचं?"

"केसाचं! सर नाचायलेत हितं. म्हणतात, ठाणाकुशनूरला दख्खनचा पहिला माणूस सापडला. उद्या आम्ही सगळे यायलाव."

आले की. गाड्यांची रांग टेकाडापासून गिरणीपर्यंत. व्यंकट म्हणाला, "मला कशी दिसली न्हाई?" मी म्हणालो, तू त्या दिवशी उदगीरला पट्टा आणायला गेला होतास. तो बोटं मोजून आठवायला लागला. तर मोठमोठे विद्वान आले, दुर्बिणी, चिमटे, पांढरे हातमोजे. टेकाडाभोवती गोल करून उभे राहिले. तो पहिला माणूस कसा दिसत असेल, काय खात असेल, यावर वाद लागले. मैत्रेयी तेवढी वाद घालत नव्हती. ती माझ्या ओठाकडे बघत होती.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "मिशीला काय लावताव?"

"काय न्हाई. आपलं ट्रॅक्टरचं ग्रीस. पीळ लई चांगला बसतोय."

तिनं कपाळाला हात लावला. मग मला बांधावर बसवून समजावलं. जिवंत असेपर्यंत प्रत्येक जीव, झाड असो की माणूस, एक जातीचा कार्बन अंगात घेत असतो. मेला की तो घटत जातो. किती उरलाय ते मोजलं की कधी मेला ते कळतं. आणि ग्रीस जमिनीतल्या तेलापासून होतं. ते तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले जीव. त्यात तो कार्बन औषधालाही उरलेला नसतो. तेव्हा ग्रीस मुरलेला केस यंत्राला घातला की यंत्र हात टेकतं. त्याला जेवढं जुनं मोजता येतं तेवढं जवळजवळ सगळं सांगून टाकतं.

"पण आम्ही नमुना आधी धुतो की, आम्लानं, क्षारानं," ती म्हणाली. "ते निघायला पाहिजे होतं."

"आपल्या औरादच्या दुकानातलं ग्रीस हाय ते," मी म्हणालो. "ट्रॅक्टर झिजंल, ते निघणार न्हाई."

लक्ष्मम्मा मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"चाळीस हजार?" ती म्हणाली. "मग लग्नात माझ्या बापाला अठ्ठावीस सांगितलाव ते?"

आता मोठे सर आमच्याकडे वळले. मैत्रेयीनं त्यांना ग्रीसचं सांगितलं. पण चाळीस हजार वर्षं एकदा हातात आली की कुणाला सोडवतात? ते म्हणाले, खात्री करू. एका केसावर नको. संपूर्ण नमुना पाहिजे.

"संपूर्ण म्हंजी?" मी विचारलं.

त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

"एका केसावर भागलं असतं की," व्यंकट मध्येच म्हणाला.

"येड्या, यंत्र केवढं! औरादच्या बसस्टँडपासून बाजारापर्यंत नुसती नळी. त्यात एक केस म्हंजी विहिरीत तीळ."

मी विचार केला. मिशी तशीही जाणारच होती. करजगीच्या दारात जाण्यापेक्षा देशासाठी गेलेली बरी. मी मान वर केली आणि म्हणालो, घ्या. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसानं एक एक केस चिमट्यानं धरून कापला. चांदीच्या कागदात गुंडाळला. दोन्ही टोकं वेगवेगळी ठेवली, डावं आणि उजवं, कारण डावं जास्त तालेवार होतं. बाया रडत होत्या. मिशी विमानानं गेली. मी अजून विमानात बसलो नाही, पण माझी मिशी बसली. खिडकीजवळ.

"आन निकाल?" व्यंकटनं विचारलं. आता त्याचा आवाज बारीक झाला होता.

निकाल तोच. चाळीस हजार. उलट डावं टोक थोडं जास्तच. मैत्रेयीनं पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं की नमुना ग्रीसनं बाटलेला आहे, हे वय खरं नाही. लिहू दे. तिचं काम ती चोख करते. पण माझी आणि बसवंतप्पाची पैज काय होती? गावातली जुन्यातली जुनी वस्तू प्रयोगशाळेत जाईल आणि यंत्र सांगेल ते वय. ग्रीस लावायचं नाही अशी अट नव्हती. मी मोबाईलमध्ये तो निकाल घेतला, धोतर बदललं, आणि बस धरून गेलो करजगीला.

बसवंतप्पा दारात पाट मांडून बसला होता. वाटी, साबण, वस्तरा, सगळं तयार. अख्खी गल्ली जमलेली.

"या इवाई," तो म्हणाला. "अरे! तुमी तर घरनंच काढून आलाव?"

मी खिशात हात घातला. मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचलं. परत वाचलं. शेजारच्या मास्तराला दाखवलं. मास्तरानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "बसवंतप्पा, अठराशेपेक्षा चाळीस हजार जास्ती असतात." म्हैस रवंथ करायची थांबली. आणि मग तो भला माणूस, इवाई असला तरी भला, स्वतःच मांडलेल्या पाटावर स्वतः बसला. मी स्वतःच्या हातानं साबण लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, साबणाचं. एका बाजूनं वस्तरा फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं, आणि खालून ओठ निघाला तांदळाच्या भाकरीसारखा पांढरा. त्याची बायको त्याला ओळखेना. "हे कोण पाव्हणे?" म्हणाली आणि डोक्यावर पदर घेतला.

व्यंकटनं मांडी सोडली. "शिव शिव," तो म्हणाला. "म्हंजी करजगीवाल्यांची मिशी खरंच गेली?"

"गेली म्हंजी? आज तिथं जाऊन बघ. नुसता ओठ."

दानेश्वरीनं अंबाडीच्या काड्या बाजूला सारल्या, भाजी सुपात भरली आणि पहिल्यांदा मान वर केली.

"मामा," ती म्हणाली, "सकाळीच बोलले मी करजगीला आमच्या अप्पासंगं, व्हिडिओवर. मिशी जिथल्या तिथं हाय त्यांची. पीळ द्यायलेत आन मलाच इचारायलेत, 'त्या दिवशी आमच्या दारात काढून गेले ती मडिवाळप्पांची मिशी उगवायली का न्हाई अजून?'"